तरुण संघ तुमच्या गळ्यात पडलाय? पहिलं वर्ष असं काढा

बहुतेकांच्या बाबतीत हे असंच घडतं. चर्चमधली रविवारची उपासना संपते, लोक दारात गप्पा मारत उभे असतात, आणि पाळकसाहेब खांद्यावर हात ठेवून म्हणतात, "तरुण संघ आता तू बघ." आधीचा दादा नोकरीसाठी पुण्याला गेलेला असतो. तुमची पात्रता एवढीच, की गिटारच्या चार कॉर्ड येतात आणि अजून तिशी ओलांडलेली नाही. मग हातात तीन वस्तू पडतात: कपाटाची किल्ली, पाठ निघालेली हजेरीवही आणि साठ-सत्तर नंबरांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. पहिल्या शनिवारी त्यातले पाच जण येतात. त्यातलाही एक बहिणीला घरी न्यायला आलेला असतो.

मी नगर जिल्ह्यातल्या एका मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, हे काम बरीच वर्षं केलं. सुरुवातीच्या बहुतेक चुका मी केलेल्या आहेत, तेव्हा त्या तुम्ही पुन्हा करायची गरज नाही. पहिल्या वर्षाकडून एवढीच अपेक्षा ठेवा की पोरं ओळखीची व्हावीत आणि त्यांनाही कळावं की हा माणूस पुढच्या शनिवारीही इथेच असणार आहे.

पहिला महिना: शिकवायची घाई नको, घरी जा

एक साधी दोनशेपानी वही घ्या. प्रत्येक मुलाला एक पान द्या. नाव, इयत्ता, शाळा, वाढदिवस, क्लासची वेळ, घरी कोण कोण. मग एकेका घरी जा. आपल्याकडे पाळकांनी घरभेटीला जायची रीत जुनीच आहे, त्यामुळे तुम्ही गेलात तर कुणाला नवल वाटत नाही. फक्त आधी फोन करा आणि मुलाची आई किंवा वडील घरी असतील अशीच वेळ घ्या. चहा नाकारू नका. प्रार्थना करून उठा. प्रवचन देऊ नका.

शनिवारच्या एका तासात जे वर्षभर कळत नाही, ते या भेटीत कळतं. संघात सतत चेष्टा करणारा मुलगा घरी आजारी आजीला भरवत असतो. चार पिढ्यांचं ख्रिस्ती घर, भिंतीवर पणजोबांचा फोटो, आणि पोराने शास्त्र, म्हणजे बायबल, वर्षभरात उघडलेलं नाही. तिसऱ्या घरात आई एकटीच विश्वासात आलेली, वडिलांना हे सगळं फारसं पसंत नाही, आणि मुलगी दर शनिवारी काहीतरी सांगून निघते. हे तिसरं घर कळलं की आधी तिथला गुंता सोडवा. वडिलांना जाऊन भेटा. पालकांना माहीत नसताना कुणाच्याही मुलाला संघात बसवायचं नाही, मग ते मूल आपल्या सभासदांचं असो की शाळेतल्या मित्राबरोबर सहज आलेलं, दुसऱ्या धर्माच्या घरातलं असो. वातावरण कसं आहे ते तुम्हाला ठाऊक आहेच, पण ती भीती बाजूला ठेवली तरी लपवाछपवीतून पोरं फक्त लपवायलाच शिकतात.

वेळ मुलांना विचारून ठरवा

मी आधी रविवारी उपासनेनंतर संघ ठेवला. साडेबाराला पोरांना भूक लागलेली, घरी मटण शिजत असलेलं, कोण थांबणार? शनिवारी संध्याकाळी दहावीचे क्लास. शेवटी मुलांनीच शनिवार सकाळी साडेसातची वेळ काढली. मला ती अजिबात आवडली नव्हती, पण तीच टिकली.

सव्वा तासाच्या वर जाऊ नका. प्रेषितांची कृत्ये, विसावा अध्याय: त्रोवस गावात प्रेषित पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला आणि खिडकीत बसलेला युतुख नावाचा तरुण झोप लागून तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. पौलाचा श्रोताही झोपतो, मग आपलं काय? पोरांना ही गोष्ट फार आवडते. पुढे कधी तुम्ही लांबण लावलीत की मागून कुणीतरी हळूच "युतुख, युतुख" म्हणेल. म्हणू द्या.

साधारण बेत असा: पहिली पंधरा मिनिटं खेळ किंवा नुसत्या गप्पा, कारण निम्मी मंडळी उशिरा येणारच. दोन-तीन गीतं. वीस मिनिटं वचन, म्हणजे बायबलमधला एखादा उतारा. मग प्रश्न, प्रार्थना आणि जमलं तर काहीतरी खाणं. भेळ किंवा वडापावाचे पैसे खिशातून घालत राहू नका. मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचकमिटीकडून महिन्याची एक छोटी रक्कम मंजूर करून घ्या आणि बिलं फाइलला लावा. तरुण संघाच्या हिशेबावरून झालेली भांडणं मी पाहिली आहेत, आणि ती नेहमी दोन-तीनशे रुपयांवरूनच झाली.

वचन कसं घ्यायचं: एक नमुना

लूक, दुसरा अध्याय, ४१ ते ५२. बारा वर्षांचा येशू वल्हांडण या यहुदी सणासाठी यरुशलेमेला जातो आणि परतीच्या वाटेला न लागता तिथेच राहतो. आईबापांना वाटतं, असेल सोबतीच्या मंडळीत. एक दिवसाची वाट चालून गेल्यावर कळतं की पोरगा नाही. परत फिरतात आणि तीन दिवसांनी तो मंदिरात सापडतो.

आधी अर्थ सांगू नका. आळीपाळीने वाचून घ्या आणि पहिला प्रश्न टाका: "घरी न सांगता तुम्ही कुठे राहिलात का कधी? मग आई काय म्हणाली?" दहा मिनिटं आरामात जातात. एकाची आई पोलीस चौकीपर्यंत गेलेली असते, दुसऱ्याला आत्याने कानाखाली दिलेली असते. मग विचारा, मरिया काय म्हणाली? तिचं बोलणं त्यांना ओळखीचं वाटतं. "आमच्याशी असं का वागलास?" हा प्रश्न प्रत्येक आईच्या तोंडी असतो. पुढे विचारा, त्याचं उत्तर आईबापांना कळलं का? शास्त्रात स्पष्ट लिहिलंय, नाही कळलं. इथे वर्ग गप्प होतो. आपलं म्हणणं घरी कळत नाही ही पंधराव्या वर्षातली सगळ्यात जुनी तक्रार, आणि ती नासरेथच्या घरातही होती. मग ५१वं वचन वाचा: तो त्यांच्याबरोबर परत गेला आणि त्यांच्या आज्ञेत राहिला. यावर लगेच आज्ञाधारकपणाचं भाषण सुरू करू नका. "तुम्हाला काय वाटतं, का गेला असेल?" एवढं विचारा आणि तोंड मिटा. उत्तर यायला मिनिटभर लागतं. ते मिनिट फार लांब वाटतं, पण ते सोसायला शिकाच.

याच उताऱ्यात आणखी एक गोष्ट आहे. मंदिरात तो मुलगा काय करत होता? गुरूंच्या मध्ये बसून ऐकत होता आणि प्रश्न विचारत होता. शुभवर्तमानांत येशूच्या किशोरवयातली एवढी एकच घटना आली आहे, आणि तीत तो प्रश्न विचारताना दिसतो. म्हणून संघात कुणी विचारलं की "डायनोसोर नोहाच्या तारवात होते का" किंवा "माझी मैत्रीण इतकी चांगली आहे, ती नरकात जाणार का", तर त्याला उद्धट ठरवू नका. उत्तर येत नसेल तर "मला माहीत नाही, पुढच्या शनिवारी बघू" म्हणा. आणि पुढच्या शनिवारी खरंच बघा. मुलं ते विसरत नाहीत.

भाषेचीही अडचण येणार. बरीच पोरं इंग्रजी माध्यमातली. त्यांना मराठी पवित्र शास्त्र अडखळत वाचता येतं, आणि 'तारण', 'नीतिमान', 'प्रायश्चित्त' हे शब्द रविवारी ऐकून ऐकून गुळगुळीत झालेले असतात. एकाने मराठीतून वाचावं, दुसऱ्याने हवं तर इंग्रजीतून, आणि मग असा एखादा शब्द त्यांना स्वतःच्या भाषेत सांगायला लावा. एका मुलीने 'कृपा'चा अर्थ सांगितला होता: "पेपर कोरा दिला तरी सरांनी घरी बोलावून जेवायला वाढलं." यापेक्षा चांगला अर्थ मला अजून सुचलेला नाही.

गीतांवरून वाद होईलच. वडीलधाऱ्यांना 'उपासना संगीत' या गीतपुस्तकातली जुनी गीतं हवीत, पोरांना यूट्यूबवरची हिंदी गाणी. दोन्ही घ्या. नारायण वामन टिळकांची भजनं ढोलकीवर घेऊन बघा. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या माणसाने अभंग-ओवीची चाल ख्रिस्ती उपासनेत मुरवली, आणि ती चाल पोरांच्या अंगात उपजतच असते. ड्रमसेट विकत घ्यायचा की नाही, या चर्चेपासून मात्र पहिलं वर्ष लांब राहा.

हे नियम पहिल्याच दिवसापासून

इथे मी कडक आहे, तुम्हीही राहा.

संघ चालू असताना दोन मोठी माणसं हजर असायलाच हवीत, आणि मुली येत असतील तर त्यातली एक बाई. एकट्या मुलाशी किंवा मुलीशी बोलायचं असेल तर दार उघडं, आणि कुणाच्या तरी नजरेत. दुचाकीवरून एकट्याला सोडायला जायचं नाही. रात्री दहानंतर खासगी मेसेज नाहीत. शिबिराला पालकांची लेखी परवानगी, झोपायच्या खोल्या वेगळ्या, औषधांची यादी जवळ. "आपण सगळे विश्वासातलेच" असं म्हणून कुणी हे नियम हसण्यावारी नेले, तर त्या माणसाला मुलांबरोबर काम देऊ नका.

कुणी मूल तुम्हाला म्हणालं, "दादा, एक सांगतो, पण कुणाला सांगू नकोस," तर तसं वचन देऊ नका. "तुझ्या जिवाला धोका असेल तर मला मदत मागावी लागेल, बाकी माझ्यापाशीच राहील," हे आधी सांगा. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाला आहे असं कळलं, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे, आणि कळूनही न कळवणं हा गुन्हा आहे. आरोप मंडळीतल्या वजनदार माणसावर असेल तेव्हा "आधी आपसात मिटवू" हा आवाज हमखास येतो. त्या आवाजाला तिथेच थांबवा. मुलांसाठीची मदतवाहिनी १०९८ आहे. हा नंबर हॉलच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावून ठेवा.

मन खचलेल्या मुलाला "तुझा विश्वास कमी पडतोय" असं चुकूनही म्हणू नका. त्याच्यासाठी प्रार्थना करा, आणि त्याच दिवशी घरच्यांशी बोलून डॉक्टरांकडे न्यायची सोय करा. टेली-मानसची १४४१६ ही सरकारी मदतवाहिनी चोवीस तास मोफत चालते आणि तिथे मराठीत बोलता येतं.

शास्त्रात थेट उत्तर नसलेले प्रश्न

दहावी-बारावीनंतर प्रवेशाचे फॉर्म येतात, आणि एक दिवस मुलगा विचारतो, "दादा, दाखल्यावर एक लिहिलंय आणि चर्चच्या रजिस्टरमध्ये दुसरंच. मी नक्की कोण?" हा प्रश्न आपल्या कितीतरी घरांत पिढ्यान्‌पिढ्या दबून आहे. अनुसूचित जातींसंबंधीच्या १९५० च्या आदेशात १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध समाविष्ट झाले. ख्रिस्ती बाहेरच राहिले, म्हणजे कागदावर ख्रिस्ती लिहिलं की अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत. त्यामुळे काही घरं कागदावर एक आणि उपासनेत दुसरी राहिली. हा इतिहास मुलाला नीट सांगा. त्याच्या आईबापांना ढोंगी म्हणू नका. ती निवड कुणी चैनीखातर केलेली नसते. आणि खोटं लिहायचा सल्लाही तुमच्या तोंडून जाऊ नये. कागदपत्रांचा प्रश्न कायदा जाणणाऱ्या माणसाकडे न्या, आणि "मी कोण" हा प्रश्न स्वतःकडे ठेवा. त्याला बसून वेळ द्यावा लागतो.

प्रेमप्रकरणांबद्दल एवढंच सांगतो: ऐकून घेतलंत तर तुम्हाला आधी कळेल, ओरडलात तर सगळ्यांत शेवटी.

वर्षाचा फेरा

जूनमध्ये नवी इयत्ता, नवे क्लास. वेळ पुन्हा तपासा. डिसेंबर कॅरोलचा. रात्री घरोघर फिरणं, केक, चहा, थंडी, आणि वर्षभर न दिसलेली वीस पोरं अचानक हजर. त्यांना टोमणा मारू नका. "नाताळपुरते उगवले" असं एकाच्या तोंडून निघालं की ती पुढच्या नाताळलाही येत नाहीत.

जानेवारी ते मार्च परीक्षांचे महिने. दहावी-बारावीच्या मुलांना संघातून मोकळं करा आणि तसं त्यांच्या आईसमोर सांगा. पोरांच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं तुम्हाला दिसेल. जागा असेल तर चर्चचा हॉल अभ्यासिका म्हणून उघडा. पहिल्या पेपरच्या सकाळी प्रत्येकाला एक मेसेज पुरे. निकालाच्या दिवशी आधी नापास झालेल्याच्या घरी जायचं, पेढे नंतर.

मे महिन्यात सुट्टीतली बायबल शाळा असते, आणि माझ्या मते तरुण संघ खरा तिथेच घडतो. लहान मुलांचा एकेक वर्ग नववी-दहावीच्या पोरांच्या हाती द्या. ज्याने वर्षभर शास्त्र उघडलं नाही, तो उद्या सहा वर्षांच्या मुलांना दाविदाची गोष्ट सांगायची म्हणून रात्री अकराला फोन करून विचारतो, "दादा, गोटे किती होते?" (पाच. १ शमुवेल १७.) रात्री दहानंतरच्या मेसेजना मी वर मनाई केली आहे, पण एवढा फोन मी घेतो. मुलांच्या हाती काम द्यायला मोठी माणसं घाबरतात. केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली जी आध्यात्मिक जागृती झाली, ती तिथल्या मुलींच्या प्रार्थनेतून उठली होती. साउंड सिस्टीम, प्रोजेक्टर, शास्त्रवाचन, खुर्च्या मांडणं, अर्पणाची थैली फिरवणं, सगळं त्यांना करू द्या. माइक खरखरेल, एखाद्या वेळी चुकीचा अध्याय वाचला जाईल. चालतंय.

आणि तुमचं काय

ऑगस्टच्या सुमारास एक शनिवार असा येतो की पाऊस पडत असतो आणि दोनच जण आलेले असतात. संघ रद्द करू नका. त्या दोघांना घेऊन कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा प्या. माझ्या आठवणीतले सगळ्यांत चांगले संवाद अशाच शनिवारांचे आहेत.

थकवा येईल. एलीया संदेष्टा कर्मेल डोंगरावरच्या एवढ्या विजयानंतर एका झुडपाखाली बसून मरण मागत होता (१ राजे १९), आणि देवदूताने त्याला काही समजावलं नाही. झोपू दिलं, उठवून भाकर दिली, पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं. तुम्हीही महिन्यातून एक शनिवार संघातल्या तुमच्या जोडीदारावर सोपवा. महिन्यातून एक रविवार हातात गिटार नको, यादी नको. मागच्या बाकावर बसून नुसती उपासना करा. आणि जोडीदार नसेल तर मुलं गोळा करायच्या आधी तो शोधा.

कधी कधी वेगळंच वाटतं: मलाच आतून कोरडं वाटतंय, मी यांना काय देणार? एली याजकाची गोष्ट काढा, १ शमुवेल ३. म्हातारा, डोळे मंद झालेले, स्वतःची मुलं वाया गेलेली. त्या रात्री देवाची हाक त्याला ऐकू आलीच नाही, त्याच्या हाताखालच्या लहान शमुवेलाला आली. तीन वेळा पोरगं धावत आलं तेव्हा कुठे म्हाताऱ्याच्या लक्षात आलं. पण लक्षात आल्यावर त्याने मुलाला काय म्हणायचं ते बरोबर शिकवलं आणि परत झोपायला पाठवलं. एलीला त्या रात्री स्वतःसाठी काही मिळालं नाही, तरी त्याचं काम झालं.

बारावीनंतर तुमची सगळ्यांत तयार पोरं निघून जातात. पुणे, मुंबई, नर्सिंगला मिरज, एखादा थेट आखातात. लहान गावातल्या मंडळीला हे दर जूनला सोसावं लागतं. त्याला अपयश समजू नका. ती कुठे गेली त्याची नोंद त्याच वहीत करा, तिथल्या एखाद्या मंडळीचा पत्ता आधीच काढून द्या, आणि पहिल्या महिन्यात दोनदा फोन करा. काही जण दुरावतील. पौल आणि बर्णबा यांच्याबरोबर प्रचाराला निघालेला योहान मार्कही अर्ध्या वाटेतून घरी परतला होता, आणि त्याला पुन्हा बरोबर घ्यायचं की नाही यावरून पौल आणि बर्णबा यांचं इतकं बिनसलं की दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. शेवटी तुरुंगातून तीमथ्याला लिहिताना पौल म्हणतो, मार्काला घेऊन ये, तो माझ्या उपयोगाचा आहे. त्या भांडणानंतर त्याला बर्णबाने सोबत घेतलं होतं. म्हणून गेलेल्यांचे नंबर खोडू नका.

वर्ष संपत आलं की कपाटाची दुसरी किल्ली करून घ्या आणि ती अकरावीतल्या एखाद्या पोराकडे किंवा पोरीकडे द्या. शनिवारी दार उघडायचं, ढोलकी काढायची, खुर्च्या लावायच्या, हे आता त्यांचं काम. किल्ली एक-दोनदा हरवेल. बाजारातल्या किल्लीवाल्याकडे मूळ किल्ली घेऊन जा, पाच मिनिटांत दुसरी करून देतो.